सूर खाणारी मडकी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सिंधूबाईंना, कुणी "मनानं फार मोठ्या" म्हणालं की मला हसू येतं. मोठं मन म्हणजे जागा मोठी, एवढंच खरं. त्या जागेत त्यांनी पन्नास वर्षांतला एकेक अपमान नीट रचून ठेवलाय. निमोण्यात आमच्या शेजारची नकुशी दोन हजार बारा साली पोरीच्या लग्नपत्रिकेत आमचं नाव घालायला विसरली. तेव्हापासून आत्या तिच्या दारावरून जाताना मान वळवतात. नकुशी तीनदा पाया पडून गेली, साखर देऊन गेली, उपयोग शून्य. मी त्यांना आत्या म्हणते. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. घरी आले की आत्या तेच काम फुकट करत बसलेल्या असतात.

पण एका बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

आत्यांचं माहेर निमोणं. सासर भांडगाव. आता आम्ही सगळे निमोण्यात, आत्यांच्या भावानं दिलेल्या जागेत राहतो. का, ते ओघानं येईलच. माझे सासरे सोपानराव कुंभार भांडगावात मडकी करायचे आणि भजनात गायचे. दोन्हींत हात आणि गळा सारखाच साफ, असं जुनी माणसं सांगतात. त्यांचा सूर काळी एक. पेटीवरची पहिली काळी पट्टी दाबली की तोच सूर, आणि त्यांचा सा त्यावर असा बसायचा की टाळकरी टाळ वाजवायचे थांबायचे.

घराशेजारी कॅनॉलच्या वळणावर त्यांची भट्टी होती. संध्याकाळी काम आटोपलं की ते अंगणात पेटी घेऊन बसत. तिथं एक गोष्ट त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवली होती: उतरंडीकडं तोंड करून गायचं नाही. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. एका मापाची मडकी तोंडं उघडी ठेवून रचली की ती एक ठरावीक सूर खातात. बाकीचे सूर सोडतात, तेवढा एकच गिळतात. गाणाऱ्याला वाटतं आपला गळा बसला. कुंभाराच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडं उतरंड नेहमी पाठीशी ठेवून गायचे.

त्या अंगणात गावातलं एक पोरगं रोज यायचं. सत्यजीत. सोसायटीचे चेअरमन हौसराव, गावातले मोठे बागायतदार, त्यांचा मुलगा. बापाला न सांगता यायचा, सासऱ्यांना आप्पा म्हणायचा, त्यांच्या मागं बसायचा आणि त्यांच्यासारखा सा लावायचा प्रयत्न करायचा. आत्या त्याला भाकरी घालायच्या. पाच-सहा वर्षं हे चाललं. त्याला पहिला सूर लावून दिला तो सोपानरावांनी, तोच काळी एक. मग तो पुण्याला कॉलेजला गेला, तिथं गाणं शिकायला लागला, आणि सुट्टीत आला की आधी आमच्या अंगणात यायचा.

भट्टीची जागा हौसरावांच्या आजोबांनी आमच्या सासऱ्यांच्या आजोबांना तोंडी दिली होती. गावाला मडकी पुरवा, जागा तुमची. कागद कुणी केला नाही, करावासा वाटलाही नाही. मग हायवे मोठा झाला, जमिनींना भाव आले आणि हौसरावांना अचानक कागदांची आठवण झाली. मोजणी आणली, खुणा रोवल्या, जागा मोकळी करा म्हणून सांगितलं. ते पौष लागायच्या आधीचे दिवस होते. संक्रांतीची सुगडं, बाराशे नग, कच्ची, सुकून तयार, भट्टीत रचायला काढलेली. ती ओळीनं मांडून ठेवली होती. वर्षाचं निम्मं काम ते.

सकाळी ट्रॅक्टर आला. सासरे हात जोडून आडवे उभे राहिले. "मालक, चार दिस द्या. येवढी भट्टी निघू द्या, मग मीच जागा झाडून देतो."

हौसराव बांधावर उभे होते. ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "बघतो काय? घाल."

ट्रॅक्टरवर सत्यजीत होता. वीस वर्षांचा. त्यानं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा सासऱ्यांकडं. आणि गिअर टाकला.

माझा नवरा ईश्वर तेव्हा आठ वर्षांचा होता आणि आत्यांच्या पदराला धरून उभा होता. तो सांगतो, भाजलेलं मडकं फुटलं तर आवाज होतो, कच्च्याचा होत नाही. बाराशे सुगडं चाकांखाली गेली आणि काही ऐकूच आलं नाही, नुसती धूळ उडाली. ईश्वरला ते अजून आवडत नाही, आवाज न होता काही मोडलेलं.

त्या दिवसापासून सोपानराव गायले नाहीत. निमोण्याला आले, कंपनीत वॉचमन लागले, अकरा वर्षं खुर्चीवर बसून गेट उघडलं आणि बंद केलं. भजनातले लोक दोनदा न्यायला आले, तर म्हणाले गळा गेला. गळा गेला नव्हता. पेटी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. अकराव्या वर्षी ते गेले. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर, त्यामुळं मी त्यांचा आवाज कधीच ऐकला नाही. आत्यांनी मात्र तिथंच भावाच्या परड्यात चाक मांडलं, छोटी भट्टी लावली आणि राग जपून ठेवला.

सत्यजीत मोठा संगीतकार झाला, गायचाही स्वतःच. मालिकांची शीर्षकगीतं, मग सिनेमे, मग बक्षिसं. टीव्हीवर त्याचं गाणं लागलं की आत्या रिमोट शोधत नसत, सरळ बटण बंद करत. एकदा मात्र त्याची मुलाखत चालू असताना त्या थांबल्या. मुलाखत घेणारीनं विचारलं, पहिले गुरू कोण? तो डोळे मिटून म्हणाला, "आमच्या गावी भजनात एक कुंभार होते."

"येक कुंभार!" आत्या टीव्हीवर ओरडल्या. "नाव घ्याया जीभ झडती व्हय रं तुझी? भाकऱ्या खाताना न्हाई झडली ती!" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मीही नाही जेवले, खरं सांगायचं तर.

मग दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर, आमच्या अंगणात एक पांढरी गाडी येऊन थांबली. पुण्याच्या आर्किटेक्ट, अनिता मॅडम. केस बारीक कापलेले, खादीचा कुर्ता, मातीत पाय घालायला न भिणारी बाई. मला आवडली असती, एरवी. त्या म्हणाल्या, "मावशी, मला एकशे चाळीस मडकी हवीत. हाताने थापलेली, एका मापाची. स्लॅबमध्ये घालायची आहेत."

आत्या हसल्या. "स्लॅबमदी? मडकी?"

मग मॅडमनी समजावलं. मडकी पालथी ठेवून मध्ये काँक्रीट ओतायचं. सिमेंट कमी लागतं, खोली थंड राहते, आणि खालून पाहिलं की छताला मडक्यांची गोल तोंडं दिसतात. त्यांच्या क्लायंटची गाण्याची खोली होती ती. मॅडमनी टॅबवर चित्रं दाखवली. लांबलचक, सपाट, राखाडी घर. ना कौल ना छज्जा, उंच अरुंद खिडक्या. मग जागेचा फोटो दाखवला. कॅनॉलचं वळण, त्याच्या कडेला वड.

आत्यांनी टॅब हातात घेतला आणि त्या वडावर बोट टेकवलं. तो वड मी पाहिलेला नव्हता, पण आत्यांच्या हाताकडं पाहून मला कळलं तो कुठला.

"क्लायंट कोन तुमचे?" त्यांनी विचारलं. मॅडमनी नाव सांगितलं, कौतुकानं.

"आन् मडक्यांची तोंडं? झाकनार का उघडी ठिवनार?"

"उघडीच, मावशी. तीच तर गंमत आहे डिझाइनची."

"उघडीच," आत्या म्हणाल्या. "बरं. करून देते." आणि मला सांगितलं, "शितल, च्या टाक मॅडमला. आलं घालून."

गाडी गेल्यावर मी भांडायला उभी राहिले. त्या माणसाच्या घराला मडकी? आपल्याच भट्टीच्या जागेवर? तुम्हाला लाज कशी नाही वाटत, इतपत मी बोलले. आत्यांनी ऐकून घेतलं, जे त्या कधी करत नाहीत. मग म्हणाल्या, "माळ्यावरची पेटी काढ."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी माळ्याला शिडी लावली.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं ते मी कंपनीत कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. आत्या चाकावर मडकं काढायच्या, मग आतून दगडी गोळा आणि बाहेरून लाकडी फळी लावून थापून थापून फुगवायच्या. मी पेटीची काळी एक दाबून धरायची. आत्या मडक्याच्या तोंडाशी ओठ नेऊन हुंकार द्यायच्या. सूर जुळला की मडकं आतून ओ द्यायचं. नाही जुळला तर गप्प. तोंड ओल्या फडक्यानं जरा मोठं केलं की सूर चढतो, पोट फुगवलं की उतरतो. आणि ओलं मडकं मुद्दाम खालच्या सुरात ठेवायचं, कारण सुकून, भाजून ते आक्रसतं आणि तितका सूर वर येतो. किती आक्रसतं? मी विचारलं. "जेवढं आक्रसतं तेवढं," आत्या म्हणाल्या. पन्नास वर्षांचा अंदाज, तो कुठल्या कोष्टकात बसवणार?

भाजून निघाल्यावर मी फोनवर सूर मोजायचं ॲप उतरवून एकेक मडकं तपासलं. शेवटी क्वालिटीची बाई मी. एकशे सेहेचाळीसातली सहा केसभर इकडंतिकडं होती. मी सांगायच्या आत आत्यांनी ती सहा उचलून उंबऱ्यावर आपटली. त्यांना ॲप लागलं नव्हतं.

"आत्या, हे पाप नाही का?" मी विचारलं. भीती वाटायला लागली होती मला.

"पाप कसलं? मडकी चोख हायेत. येक जरी गळकं निघालं तर माझं नाव बदल." मग जरा थांबून म्हणाल्या, "सूर त्याचा न्हाईच. दिला व्हता. माघारी घेते."

मडकी न्यायला टेम्पो घेऊन मारुतराव मिस्त्री आले, यवतचे. घराचं सगळं काम त्यांच्याकडं होतं. बोलका माणूस. न्हावरा, पारगाव, चौफुला करत एकशे चाळीस मडकी भाताच्या पेंढ्यात घालून घेऊन गेले, आणि त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी चहाला यायला लागले, कारण आत्या त्यांना घराबद्दल विचारायच्या आणि दुसरं कुणी विचारत नव्हतं.

"कसलं घर घेऊन बसलाय, सिंधूआक्का," ते सांगायचे. "प्लास्टर न्हाई, रंग न्हाई. फळीच्या शिरा सुद्दा काँक्रीटवर दिसत्यात, आन् मॅडम म्हनत्यात तेच ब्युटी हाय. गावातली मानसं मला रोज इचारत्यात, मिस्त्री, ह्ये पंपहाउस कवा पुरं हुनार? झालंय की म्हनलं तर हसत्यात." मग एकदा म्हणाले, "पाया खंदताना लाल माती लागली, आक्का. भाजल्यावानी लाल. दोन डंपर खापऱ्या निघाल्या. भराव म्हनून रस्त्याला टाकल्या." आत्या त्या दिवशी चहा अर्धा ठेवून उठल्या.

गेल्या दसऱ्याला वास्तुशांत झाली. पुण्या-मुंबईचे पाहुणे, एका मासिकाचा फोटोवाला. आम्हाला बोलावणं नव्हतंच. आत्यांचं त्या दिवशी सकाळपासून चाकावर दोनदा मडकं बिघडलं, तिसऱ्यांदा त्या मला ओरडल्या. पुढच्या रविवारी मारुतराव आले आणि ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाले, "आक्का, त्या खोलीत काय तरी झालंय."

झालं असं. सत्यजीतनं तंबोरा घेतला, गाण्याच्या खोलीत बसला, सा लावला. आणि सा लागलाच नाही. म्हणजे गळ्यातून निघाला आणि कुणी गोधडी टाकावी तसा विझला. रे गायला, खोलीभर फिरला. ग, म, प, सगळे फिरले. परत सा, परत विझला. त्यानं जोर लावला, गळा फाटला, खोकत उठला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी तो मारुतरावांनाच म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू येतोय का माझा सा?" मारुतरावांना गाण्यातलं काय कळतंय. ते म्हणाले, जरा बारीक येतोय साहेब.

"परत सांगा," आत्या म्हणाल्या. "सुरवातीपासनं. शितल, आजून च्या टाक."

पुढच्या महिन्यांत हीच कथा हप्त्याहप्त्यानं येत राहिली. पुण्यात गळ्याचे दोन डॉक्टर झाले. कानाचा एक झाला. मग मेंदूचा फोटो काढला. एक सिनेमा दुसऱ्याकडं गेला. खोलीत हे असं, आणि बाहेर गायला तोंड उघडायची हिंमतच उरली नाही त्याची. स्टुडिओत गेला तर गाणाऱ्यांना शिकवताना नुसता पेटी वाजवून दाखवायचा, गळा काढायचा नाही. बायकोला म्हणाला, माझा सा गेला. हे मारुतरावांनी सांगितलं त्या रविवारी आत्यांनी पुरणपोळ्या केल्या. सण कसलाच नव्हता. मी चार खाल्ल्या. खोटं कशाला बोलू?

माघ महिन्यात तो आला. एकटा. गाडी लांब रस्त्यावर लावून चालत. मी सुट्टीवर होते, अंगणात कपडे वाळत घालत होते. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक, दाढी वाढलेली. माझ्याकडं त्यानं पाहिलंच नाही. अंगणाच्या कडेला आत्यांची उतरंड होती, तिच्याकडं बघत उभा राहिला. मग हळूच तिच्याकडं पाठ केली, तोंड रस्त्याकडं केलं, आणि सा लावला.

मी पहिल्यांदा ऐकला तो सूर. अख्खा, गोल, पार रस्त्यापर्यंत गेला. तो मध्येच थांबला आणि तिथंच मातीत खाली बसला. आत्या चाकावरून उठून आल्या होत्या.

"आठवलं व्हय?" त्या म्हणाल्या.

"परवा आठवलं, काकी." त्यानं उतरंडीकडं बोट केलं. "आप्पा म्हणायचे, उतरंडीकडं तोंड करू नको. काकी, ती मडकी तुम्ही केली?"

"मीच. ठरवून. गळा शाबूत हाय तुझा. एकशेचाळीस मडकी तुझा सूर खायला बसवल्यात मी."

"मला वाटलं मी संपलो. डॉक्टर म्हणाले मेंदूत काही असेल. चार महिने मी..."

"चारच म्हैनं?" आत्यांचा आवाज चढला. "ह्ये अकरा वर्सं गायलं न्हाईत. गेटावर बसलं. अकरा वर्सं! तुला चार म्हैन्यात रडू आलं?"

"बाबांनी सांगितलं म्हणून मी..."

"ट्रॅक्टर तुझा बाप चालवत न्हवता."

"मी वीस वर्षांचा होतो, काकी."

"इसाव्या वर्साला मला दोन पोरी व्हत्या. आन् अक्कल बी व्हती."

त्यानं विचारलं, ह्याला उपाय आहे का. आत्या म्हणाल्या, आहे, अर्ध्या दिवसाचा आहे, पण आधी माझी भट्टी. राहिलेली. त्याच जागेवर, तुझ्या दारात. सुगडं मी करते, टेम्पोतून उतरवून भट्टीपर्यंत न्यायची तू, स्वतःच्या हातानं. कामाला माणूस लावायचा नाही.

तो लगेच हो म्हणाला. मला ते आवडलं नाही. जरा तरी नाही म्हणायला हवं होतं, म्हणजे आणखी बोलता आलं असतं.

फाल्गुनात आम्ही गेलो. आत्या सव्वीस वर्षांनी भांडगावात पाय ठेवत होत्या. घर खरंच पंपहाउससारखं होतं, पण मोठ्या थाटाचं पंपहाउस. घरात त्या गेल्या नाहीत. दारासमोरच्या मोकळ्या जागेत उभ्या राहून पायानं जमीन दाबून पाहिली आणि रेघ मारली. सत्यजीत पाट्या वाहायला लागला. त्याचे हात पेटीवाल्याचे, दहाव्या पाटीला सोलवटले. त्यानं तीन सुगडं फोडली, आत्यांनी तीनदा शिव्या घातल्या. हौसराव अजून आहेत, अंगावरून वारं गेलेलं, चाकाच्या खुर्चीत. ते खिडकीत दिसले तशा आत्या म्हणाल्या, "त्येला भाईर आना. नीट दिसू द्या." आणि सत्यजीतनं खुर्ची ढकलत बाहेर आणली. म्हाताऱ्याला बोलता येत नाही. बघत बसला.

थरावर थर रचले. सुगडं, गोवऱ्या, उसाचं पाचट, वरून खापऱ्या आणि चिखलाचा लेप. आठ वाजता आत्यांनी पेटवलं. वारं घराकडं होतं. ते आत्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, ह्याबद्दल मला शंका नाही. अकराच्या सुमाराला अनिता मॅडम पोचल्या तेव्हा समोरची सबंध भिंत काळी व्हायला लागली होती.

"अहो हे काय करताय!" त्या किंचाळल्या. "प्लास्टर नाहीये ह्याच्यावर! हे एक्स्पोज्ड काँक्रीट आहे, धूर आत मुरतो, हे कधीच निघणार नाही!"

"कदीच?" आत्यांनी विचारलं.

"कधीच!"

आत्यांनी आणखी एक पाचटाचा भारा टाकला. मॅडम सत्यजीतकडं वळल्या, तर तो म्हणाला, राहू दे अनिता. बिचारीचा काही दोष नव्हता, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी तिला गाडीत बसवून पाणी दिलं. बाकी मला कुणाची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. सुगडं लाल, खणखणीत. अकरा तडकलेली, बाकी सगळी पास. आत्या राखेजवळ बसून एकेक वाजवून बाजूला ठेवायला लागल्या. सत्यजीत समोर उभा राहिला. "आता सांगा, काकी."

"बोळं," आत्या म्हणाल्या. "मडक्यांच्या तोंडात फडक्याचं बोळं कोंब घट्ट. सूर आत शिरला न्हाई म्हंजी खायचा कसा?"

"इतकंच?"

"इतकंच. आमी बी चारच दिस मागितलं व्हतं."

मग जुन्या चादरी, धोतरं, साड्या फाडल्या. शिडीवर मारुतराव, खाली बोळे करून द्यायला ईश्वर आणि मी. बारा वाजता शेवटचं मडकं बंद झालं. ईश्वर आणि मी बाहेर आलो. आत सत्यजीतनं तंबोरा जुळवला आणि सा लावला.

तो भिंतीतून, त्या अरुंद खिडक्यांतून बाहेर आला. निमोण्याच्या अंगणात ऐकला होता त्याहून भरलेला. लावायच्या आधी एक बारीक श्वास, मग खालून हलकेच उचलून सुरावर बसणं. "दादा," ईश्वर म्हणाला. त्याचे दादा, म्हणजे माझे सासरे.

आत्यांच्या हातात सुगड होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, उठल्या, राखेनं भरलेल्या पायांनी त्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला आणि तशाच चकचकीत फरशीवरून सरळ त्या खोलीत गेल्या. मी मागून धावले. सत्यजीतचे डोळे मिटलेले होते.

"गप," आत्या म्हणाल्या.

तो थांबला.

"बोळं काढ."

"काकी, तुम्हीच तर सांगितलं..."

"मी सांगितलं, मीच सांगते काढ. ह्यांचा सूर ह्या छपराखाली न्हाई वाजायचा. मी जित्ती हाय तवर न्हाई. भाईर गा. राखंपाशी गा, रस्त्यावर गा, कुठंबी गा. हितं न्हाई." आणि वाट न बघता शिडीवर चढायला लागल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दोन्ही गेलेले.

घर त्याचं होतं. आम्ही कोण? त्यानं हात धरून खाली उतरवलं असतं, गेटाबाहेर काढलं असतं, तर आम्ही काय करणार होतो? तो तंबोरा ठेवून उठला आणि त्यानं शिडी धरली. आत्या एकेक बोळा ओढून त्याच्या अंगावर टाकत होत्या. वीस-बावीस झाल्यावर दमल्या, तेव्हा तो स्वतः चढला आणि उरलेले सगळे त्यानं काढले.

मग तो तंबोरा घेऊन बाहेर गेला, काळ्या झालेल्या भिंतीला पाठ लावून गरम राखेशेजारी बसला आणि गायला. आत्या पायरीवर बसल्या होत्या. तो सा लावायचा आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या, आणि प्रत्येक सा-च्या मागोमाग त्या त्याला मोठ्यानं शिवी हासडत होत्या.